राणीछाप, राजाछाप आणि मोडीचा भाव

दिवाळीनंतर या सदराकडे नाण्यांविषयीची पत्रे हमखास वाढतात. लक्ष्मीपूजनाला डबा उघडतो, जुने रुपये हातात येतात आणि ‘याला किती मिळतील?’ हा प्रश्न पडतो. निवडक पत्रे संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : आजीच्या पेटीत चांदीचे चाळीसेक रुपये निघाले. काही राणीछाप, बाकी राजाछाप. सराफ मोडीचा भाव देतो म्हणतो. नाण्यांचा एक व्यापारी सगळ्यांचे मिळून त्याहून थोडे जास्त द्यायला तयार आहे. कुणाला द्यावेत? – वाचक, सांगली

तूर्त दोघांनाही थांबवा. ‘सगळ्यांचे मिळून’ हा सौदा ज्याने गठ्ठा पाहिला आहे त्याच्या फायद्याचा असतो. ज्याने पाहिला नाही त्याच्या नव्हे.

आधी मोडीचा भाव स्वतः काढा, म्हणजे खालची मर्यादा कळेल. १८३५ ते १९३९ या सालांचा ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे कोऱ्या रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. चलनात फिरून झिजलेला रुपया ११.४ किंवा ११.५ ग्रॅम भरतो. प्रत्यक्ष वजनाला ०.९१७ ने गुणा आणि त्या दिवशीच्या शुद्ध चांदीच्या दराने किंमत काढा. १९४० ते १९४५ सालांचे रुपये मात्र वेगळे ठेवा. वजन तेवढेच, पण चांदी निम्मी; उरलेले ४० टक्के तांबे आणि पाच-पाच टक्के निकेल व जस्त. त्यांत चांदी जेमतेम ५.८ ग्रॅम. १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा आहे, त्यात चांदी अजिबात नाही. चुंबक लावून पाहा : चांदीला चिकटत नाही, याला चिकटतो.

मग साले पाहा. इथेच बहुतेकांची निराशा होते. चौथ्या विल्यमचा १८३५ चा, व्हिक्टोरियाचा १८४० चा आणि १८६२ चा, हे रुपये सर्वांत जुने दिसतात, पण भरपूर सापडतात. १८६२ चे कारण मजेशीर आहे. त्यानंतर कित्येक वर्षे टांकसाळींनी रुपयावरचे साल बदललेच नाही. १८७४ पासून ते पुन्हा दरवर्षी बदलू लागले. त्यामुळे ‘१८६२’ म्हणजे दहा-बारा वर्षांचे उत्पादन आहे. मुंबई टांकसाळीने त्या काळात मागच्या बाजूला बारीक ठिपके घालून खरे वर्ष नोंदवले आणि संग्राहक ते ठिपके मोजतात. ठिपक्यांच्या काही जोड्या कमी मिळतात, पण हा भिंगाचा खेळ आहे, घाईचा नाही. आणि कुणी १८६७ साल असलेला रुपया दाखवला तर तो परत करा. त्या सालाचे रुपये चलनात आलेच नाहीत.

पाचव्या जॉर्जचे १९१६ ते १९१८ चे रुपये महायुद्धाच्या मागणीमुळे कोट्यवधींनी पाडले गेले. साध्या, झिजलेल्या अवस्थेत त्यांना मोडीपेक्षा फार मिळत नाही, आणि त्यात व्यापाऱ्याचा दोष नाही. बाजूला काढायचे ते असे : १९११, १९२१, १९२२ आणि सहाव्या जॉर्जचा १९३९. शिवाय साल कोणतेही असो, ज्यावर टांकसाळीतून आल्यासारखी झळाळी शाबूत आहे तो प्रत्येक रुपया. उरलेले सराफाला द्यायचे की ठेवायचे, हा चांदीच्या दराचा प्रश्न आहे, नाण्यांचा नाही.

प्रश्न : जाहिरातींत ‘व्हीएफ’, ‘ईएफ’, ‘एयू’, ‘यूएनसी’ असे लिहिलेले असते. एकाच सालाच्या नाण्याची किंमत या अक्षरांवरून पाच-दहा पट बदलते. घरी बसून अवस्था कशी ओळखावी? – वाचक, पुणे

खोलीतले सगळे दिवे बंद करून एकच टेबललँप लावा, ट्यूबलाइट नको. दहा पट मोठे दाखवणारे सराफी भिंग घ्या. नाणे कडेला धरा आणि दिव्याखाली सावकाश तिरपे फिरवा. कोऱ्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा मध्यबिंदूभोवती गोल फिरतो. ठसा बसताना धातू बाहेरच्या दिशेने सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात, त्यांची ही चमक असते. घासून चमकवलेले नाणेही झगमगते, पण त्याचा उजेड एका जागी थिजल्यासारखा राहतो आणि भिंगाखाली एकाच दिशेच्या केसासारख्या रेघा दिसतात. हा एक फरक डोळ्यांत बसला की निम्मी फसवणूक टळते.

नंतर उंच भाग पाहा, कारण झीज आधी तिथेच होते. व्हिक्टोरियाच्या १८६२ पासूनच्या रुपयावर कानावरचे केस, मुकुटावरचे मोती आणि छातीवरचे भरतकाम. सातव्या एडवर्डचा मुकुट मागच्या बाजूला आहे. पुढे त्याचे डोके उघडे, तेव्हा कानावरचे केस आणि दाढी. पाचव्या जॉर्जच्या मुकुटाची मधली कमान, कान आणि झग्यावरचा हत्ती. सहाव्या जॉर्जच्या मुकुटाची पट्टी आणि भुवई.

आता अक्षरे. ‘एफ’मध्ये आकार सगळे ओळखू येतात, पण आतली नक्षी बरीचशी गेलेली असते. ‘व्हीएफ’मध्ये मोठी नक्षी शाबूत, उंच भाग सपाट. ‘ईएफ’मध्ये झीज फक्त टोकांवर, बारीक रेषा जवळजवळ सगळ्या. ‘एयू’मध्ये टोकांवर झिजेची नुसती चाहूल आणि अक्षरांच्या मधल्या खोलगट जागेत झळाळी. ‘यूएनसी’ म्हणजे चलनातली झीज शून्य. पोत्यात एकमेकांवर आपटून पडलेले टोचे मात्र चालतात, म्हणूनच ‘यूएनसी’च्या आतही पायऱ्या आहेत : जागतिक मापपट्टीवर ६० ते ७०. ही १ ते ७० ची पट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी काढली, नंतर ती सगळीकडे पसरली.

एक गोष्ट नवशिक्याला हमखास चकवते. ठसाच कमी दाबाने बसला असेल तर उंच भाग मुळातच पुसट असतो. तिथे झळाळी असेल तर तो कमकुवत ठसा, राखाडी आणि मंद असेल तर झीज. व्यापारी खरेदी करताना प्रत्येक पुसट जागेला झीज म्हणतो आणि विकताना कमकुवत ठसा म्हणतो. त्याला भिंगातूनच उत्तर द्यायचे.

पाच-दहा पटीचे कोडे असे सुटते. १९१८ चा रुपया ‘व्हीएफ’मध्ये ज्याला हवा त्याला मिळतो, म्हणून भाव चांदीला चिकटलेला. पूर्ण झळाळीचा, टोचे न पडलेला १९१८ शोधायला वेळ लागतो, म्हणून उडी तिथे येते. म्हणजे साल विपुल असले तरी त्या सालातली ती अवस्था दुर्मीळ आहे. १९३९ चे याच्या उलट. तो कसाही असला तरी हवाच असतो, त्यामुळे झिजलेल्यालाही मोठी रक्कम मिळते आणि वरच्या अवस्थेने होणारी वाढ प्रमाणात कमी असते. म्हणून साधे साल घेताना अवस्थेसाठी हटून बसावे; दुर्मीळ साल घेताना आधी अस्सलपणा पाहावा, अवस्था नंतर.

भोक, कडी जोडल्याची खूण, ओरखडा, घासणे या गोष्टी या पट्टीत मोजल्याच जात नाहीत. असे नाणे कितीही ठसठशीत असो, त्याला ‘डिटेल्स’ म्हणून वेगळे काढतात. आपल्याकडे रुपयांच्या माळा होत, म्हणून काठ नेहमी तपासा : बारा वाजण्याच्या जागी दातेरी कडा मध्येच सपाट झाली असेल किंवा करडा डाग असेल तर तिथे कडी डाखलेली होती.

प्रश्न : पूजेतल्या रुपयांवर कुंकू, दूध आणि काळेपणा बसला होता. चिंच आणि पितांबरीने लख्ख केले. आता व्यापारी म्हणतो किंमत गेली. चांदी तर तेवढीच आहे ना? – वाचक, नाशिक

चांदी तेवढीच आहे, म्हणून मोडीचा भाव तेवढाच मिळेल. गेला तो मोडीच्या वर मिळणारा भाव. पावडरीतले बारीक कण पृष्ठभाग खरवडतात. चिंचेतले आम्ल काळा थर काढते आणि त्याखालची मूळ चमकही मंद करते. टूथपेस्ट आणि राख यांनीही हेच होते. गेलेली चमक परत आणता येत नाही. नाण्याला पुन्हा काळे करणारे लोक आहेत, पण तो रंग खोलगट जागेत आणि उंचवट्यांवर सारखाच बसतो, त्यामुळे ओळखू येतो. आता एवढेच करा : पुन्हा हात लावू नका, आणि विकताना ‘धुतलेले’ असे स्वतःहून सांगा.

न धुतलेल्या उरलेल्या नाण्यांसाठी. चांदीवरचा निळसर, सोनेरी किंवा काळा थर हवेतल्या गंधकामुळे येतो. तो एकसंध असेल तर तसाच राहू द्या, काही संग्राहक त्याचे जास्त पैसे देतात. काढायचे ते फक्त तेल, डिंक, चिकटपट्टीचा गोंद आणि जुन्या प्लॅस्टिक पाकिटातून सुटलेला हिरवट चिकटा. त्यासाठी शुद्ध ॲसिटोन. नेलपॉलिश काढायचे द्रावण चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. खिडक्या उघड्या, जवळ गॅस किंवा समई नको. काचेच्या वाटीत नाणे बुडेल एवढे ॲसिटोन घ्या, दहा मिनिटे ठेवा, दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा खळबळा आणि मऊ सुती कापडावर आपोआप वाळू द्या. पुसू नका. ॲसिटोन धातूला आणि काळ्या थराला धक्का लावत नाही. कुंकवाचा सुका थर असेल तर आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर. तरीही राहिला तर राहू द्या.

पूजेसाठी दोन झिजलेले १९१८ वेगळे काढले तर हा प्रश्न दरवर्षी उद्भवणार नाही.

प्रश्न : एका गृहस्थांकडे १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया आहे. मागतात ती रक्कम लिलावातल्या किमतीच्या निम्मी आहे. घ्यावा का? – वाचक, कोल्हापूर

निम्म्या किमतीत १९३९ मिळणे हीच शंकेची पहिली जागा. राजाछाप रुपयांत याच्याइतके बनावट दुसऱ्या कोणत्याही सालाचे फिरत नाहीत, कारण याचा शेजारी १९३८ अगदी तसाच दिसतो आणि सहज मिळतो. दोन्ही ९१.७ टक्के चांदीचे, दोन्ही मुंबई टांकसाळीचे. शेवटच्या आकड्यात थोडा बदल केला की मोडीला जाणारा रुपया लाखांच्या गोष्टी करू लागतो.

बदल तीन तऱ्हांनी होतो. पहिली तऱ्हा म्हणजे १९३८ मधल्या ८ च्या खालच्या गोलाची डावी बाजू कोरून काढणे, की ९ उरतो. यात खोदलेल्या जागेची पातळी आजूबाजूपेक्षा किंचित खाली जाते किंवा तिथे पॉलिश केल्यासारखा डाग राहतो. आणि हा ९ वरून जड, खालून तुटका दिसतो. दुसरी तऱ्हा : ८ घासून काढून दुसरा ९ डाखवणे. भिंगाखाली आकड्याच्या पायथ्याशी बारीक फट किंवा डाखाची वेगळ्या रंगाची रेघ दिसते. तिसरी, अख्खे नाणे ओतून किंवा नव्या साच्याने पाडणे. ओतीव नाण्यावर सूक्ष्म छिद्रे, अक्षरांच्या कडा गोल, वजन बहुधा कमी.

तपासणीचा क्रम असा ठेवा.

वजन ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. फारसे न झिजलेले नाणे ११.६ च्या आसपास हवे. मग घनता काढा, खर्च काहीच नाही : काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा, नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असे लोंबते धरा. काटा दाखवेल तो आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेले पाणी. ११.६६ ग्रॅमच्या खऱ्या रुपयाला हा आकडा १.१३ च्या जवळ येतो, भागाकार १०.३. आकडा १.२२ आला तर नाणे निम्म्या चांदीचे आहे, १.३ च्या वर गेला तर चांदी नावापुरतीच. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटू देऊ नका, नाहीतर आकडा फुगतो.

त्यानंतर काठ. १९३९ ला साधी दातेरी कडा आहे. कडेत मधोमध नक्षीची खाच असलेली सुरक्षा-कडा पुढच्या निम्म्या चांदीच्या रुपयांसाठी आली. ती १९३९ वर दिसली तर पुढे काही बघायची गरज नाही.

मात्र ध्यानात घ्या, १९३८ कोरून केलेला रुपया वजन, घनता आणि काठ या तिन्ही परीक्षा पास होतो, कारण तो खराच रुपया आहे. त्याला पकडायचे ते फक्त आकड्यात. नामांकित लिलावात विकल्या गेलेल्या अस्सल १९३९ चे मोठे छायाचित्र मिळवा आणि ९ चा आकार, शेजारच्या ३ शी असलेले अंतर आणि शेपटीचा वळसा जुळवा. दिवा नाण्याच्या पातळीला आणून तिरपा प्रकाश आकड्यांवरून सोडा. खोदकाम सावलीत उघडे पडते. आकड्यांच्या भोवतीची झळाळी तुटलेली असेल आणि बाकी नाण्यावर ती सलग असेल, तर नकार द्या.

अर्धा रुपया आणि पावली यांवरचे १९३९ हे साल पाहून फसू नका. ती नाणी साधी आहेत. दुर्मीळ आहे तो फक्त पूर्ण रुपया. आणि एवढी रक्कम द्यायचीच असेल तर विक्रेत्याकडून नाण्याचे वर्णन, छायाचित्र आणि ‘बनावट ठरल्यास परत घेऊ’ ही अट बिलावर लिहून घ्या. तयार नसेल तर निम्मी किंमतही जास्त.

प्रश्न : १९११ चा ‘डुकराचा रुपया’ सरकारने वितळवला असे वाचले. मग तो लाखाला का जात नाही? – वाचक, सोलापूर

गोष्ट खरी आहे. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि १९१२ पासून सोंड स्पष्ट करून नवा ठसा आला. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते. बाहेर पडले होते त्यांतले सुमारे ७ लाख, बाकी वितळले. पण ७ लाख हा आकडा संग्राहकांच्या संख्येपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि ही हकीकत तेव्हाच गाजल्याने लोकांनी ते जपूनही ठेवले. म्हणून भाव साध्या सालांच्या वर, १९३९ च्या खूप खाली. किती पाडले यापेक्षा किती उरले आणि किती जणांना हवे आहे, ते बघावे.

साल १९११ पण हत्तीची सोंड लांब आणि सुबक असेल, तर साल बदललेले आहे.

प्रश्न : शेत नांगरताना तांब्याच्या काही शिवराया मिळाल्या. एकावर ‘छत्र’ पूर्ण दिसते, ‘पति’ अर्धे. झीज कमी आहे, तरी व्यापारी किरकोळ किंमत सांगतो. आणि एका ओळखीच्याकडे सोन्याचा होन आहे, तो अस्सल कसा ओळखायचा? – वाचक, जुन्नर

हाताने ठोकलेल्या नाण्याला यंत्राच्या नाण्याची पट्टी लावता येत नाही. साचा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे एका चकतीवर पूर्ण मजकूर क्वचितच मावतो. म्हणून शिवराईत झिजेपेक्षा किती मजकूर चकतीवर आला याला भाव : एका बाजूला ‘श्री राजा शिव’ तिन्ही ओळी, दुसरीकडे ‘छत्र पति’, आणि भोवतीचे ठिपक्यांचे कडे. कडे दोन्ही बाजूंना दिसणारी शिवराई दहांत एखादी. ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, पेशवाईतली आणि नंतरची; ही सर्वांत विपुल. ‘शिवाजी महाराजांच्या हातची’ म्हणून जी विकली जाते ती बहुतेक वेळा हीच असते. आरंभीच्या शिवराया वजनाने भारदस्त, अक्षरे ठसठशीत आणि ‘शिव’ हे लेखन शुद्ध. पुढे अक्षरे बिघडत गेली.

हाच नियम मोगली आणि मराठा रुपयांना लावा. औरंगजेबाचा सुरत टांकसाळीचा रुपया मुबलक आहे; त्याच बादशहाचा आडबाजूच्या टांकसाळीचा रुपया कमी मिळतो, पण टांकसाळीचे नाव चकतीबाहेर गेले असेल तर तो त्याच सुरतीच्या भावाने विकला जातो. अंकुशाची खूण असलेल्या मराठ्यांच्या अंकुशी रुपयात अंकुश आणि फसली (महसुली) साल दोन्ही दिसायला हवेत. सराफांनी पारखताना मारलेल्या खुणा या नाण्यांवर चालतात, नावावर किंवा सालावर नसल्या म्हणजे झाले.

होनाबद्दल थोडक्यात. शिवाजी महाराजांचे अस्सल होन मोजके आहेत, वजन सुमारे पावणेतीन ग्रॅम, आणि प्रतिकृती दागिन्यांच्या दुकानांतून राजरोस मिळतात. त्या सोन्याच्याच असतात, म्हणून सराफाने कस लावून ‘सोने खरे’ म्हटले तर त्यातून नाण्याचे काहीच सिद्ध होत नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथल्या जाणकारांना दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आणि शेतात सापडलेल्या नाण्यांबद्दल : १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्यानुसार जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दहा रुपयांची ती मर्यादा अजून तीच आहे. मडक्यात पुंजका मिळाला असेल तर नाणी धुऊ नका, वेगळी करू नका. कोणती नाणी एकत्र होती यावरूनच अभ्यासकांना काळ कळतो.

प्रश्न : वैष्णोदेवीच्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्याला दहा लाख मिळतात असा व्हिडिओ पाहिला. फोन केला तर नोंदणीचे पैसे भरा म्हणाले. – वाचक, परभणी

भरू नका. २०१२ सालची ही नाणी चलनासाठीच काढली होती आणि भरपूर आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे की जुन्या नाण्यानोटांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि त्यासाठी कमिशन वा शुल्क घेत नाही. नाणे विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या फोन क्रमांकावर तक्रार करा. कमळाच्या पिवळ्या वीस पैशांत सोने असते हीसुद्धा अशीच अफवा. तो तांब्याचाच मिश्रधातू आहे.

प्रश्न : एका रुपयाच्या नाण्याचा एका बाजूचा तुकडा गोलाकार कापल्यासारखा आहे. टांकसाळीची चूक की कुणी कापला? – वाचक, ठाणे

कापाच्या बरोबर समोरची कडा पाहा. पत्र्यातून चकती कापतानाच तुकडा गेला असेल, तर काठ उचलणाऱ्या यंत्रात त्या जागी दाब मिळत नाही आणि समोरचा काठही पुसट होतो. कानशीने कापलेल्या नाण्याचा समोरचा काठ ठणठणीत असतो. शिवाय खऱ्या चुकीत कापाजवळची अक्षरे त्या बाजूला ओघळल्यासारखी ताणलेली दिसतात.

सरकलेल्या ठशाच्या नाण्याला किती मिळेल ते सरकण्यावर आणि सालावर ठरते. पाच टक्के सरकले असेल तर जवळपास काही नाही. निम्मे सरकून साल पूर्ण दिसत असेल तर चांगले. ज्याला बाजारात ‘लाखी’ म्हणतात, म्हणजे एका बाजूला नेहमीचे चित्र आणि दुसरीकडे तेच चित्र उलटे व खोलगट, त्याची नक्कल दोन नाणी शिकंजात दाबून करतात. त्यात खोलगट चित्राखाली मूळ बाजूच्या अक्षरांचे चपटे अवशेष उरतात. खऱ्यात ती बाजू स्वच्छ असते.

प्रश्न : पावसाळ्यात तांब्याच्या नाण्यांवर हिरवे ठिपके येतात. – वाचक, रत्नागिरी

घट्ट, गुळगुळीत हिरवा थर स्थिर असतो, त्याला हात लावू नका. फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी मात्र मिठाच्या क्षारामुळे येते आणि दमट हवेत आत आत खात जाते. ते नाणे लगेच इतरांपासून वेगळे करा. लाकडी टोकाने भुकटी झटका, डिस्टिल्ड वॉटर रोज बदलत आठवडाभर बुडवून ठेवा, पूर्ण वाळवा आणि औषधाच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनचा पातळ हात फिरवा. पैशाच्या दृष्टीने ते नाणे एक पायरी उतरलेच. हा खटाटोप उरलेले वाचवण्यासाठी.

सगळी नाणी घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पुड्या दर महिन्याला तापवून कोरड्या करा. मऊ, वासाच्या प्लॅस्टिकचे अल्बम फेकून द्या, मायलर (पारदर्शक पातळ पापुद्रा) लावलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी वापरा आणि स्टेपल पक्कडीने सपाट दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा. चांदीच्या नाण्यांजवळ रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्र नको.

प्रश्न : आजोबांचे काही रुपये इथे आणून अमेरिकन कंपनीकडून प्रमाणित करून घ्यायचे आहेत. किंमत वाढेल ना? – वाचक, न्यू जर्सी

जुने आणता येणार नाहीत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे झालेले नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. १९२२ पर्यंतचे सगळे रुपये आता त्यात आले. विमानतळावर जप्ती होते आणि खटलाही.

तिकडेच विकत घेतलेल्या हिंदुस्थानी नाण्यांचे तसे नाही. पीसीजीएस आणि एनजीसी या १९८६-८७ पासूनच्या कंपन्या नाणे बंद प्लॅस्टिक डबीत अवस्थेच्या आकड्यासह देतात. प्रत्येक नाण्याचे शुल्क, टपाल आणि विमा मिळून जो खर्च होतो त्याच्या किमान चार-पाच पट नाण्याची किंमत असेल तरच हे परवडते. साधा १९१८ ‘व्हीएफ’ पाठवलात तर शुल्क नाण्याहून महाग पडेल. आजोबांच्या रुपयांत १९३९ किंवा झळाळीचा १९२२ असेल तर तो भारतातल्याच परवानाधारक व्यापाऱ्याकडून किंवा लिलावगृहाकडून पारखून घ्या. लिलावात विकायचा झाल्यास विक्रेत्याचे कमिशन किती आणि नाणे न विकले गेल्यास परत आणण्याचा खर्च कुणाचा, हे आधी लेखी विचारा. छापील निकालातल्या किमतीत बहुधा खरेदीदाराचे कमिशन धरलेले असते. तुमच्या हाती येणारी रक्कम त्याहून बरीच कमी असेल.